धुराची धास्ती

मी एक जुनी ऑर्किड आहे मित्रांनो, आणि जन्मापासून घाबरट आहे. तैवानमधल्या तैनान शहराजवळच्या एका जाळीच्या शेडमध्ये मी वाढले. माझ्या शेजारणी रोज खोक्यांत बसून जायच्या आणि परत कुणीच यायचं नाही. माझी पाळी आली तेव्हा फुलांच्या दांडीला तार बांधली, तांबडी फीत लावली आणि नव्या वर्षाच्या बाजारात मला मांडलं. तिथून गिमहुआबाईंनी मला घरी आणलं.

पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. मग फुलं गळली. फुलं संपली की या गल्लीत माझ्या जातीला कचऱ्याच्या गाडीत टाकतात. ती गाडी संध्याकाळी गाणं वाजवत येते आणि लोक पिशव्या घेऊन धावतात. ते गोड गाणं ऐकलं की मला कापरं भरायचं. पण बाईंची सून यीच्युन म्हणाली, "राहू द्या आई. पानं हिरवीगार आहेत. काय जेवायला मागतेय का ती?"

तिने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं, झिरझिरीत पडद्याआड. कुंडीबाहेर लोंबणारी माझी मुळं पांढरट पडली की ती पाणी घालायची, एरवी नाही. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर मी सडते, म्हणून तिथला थेंबही टिपून घ्यायची. थंडीत मला नवी दांडी फुटली, कळ्या धरल्या.

कळ्या दिसताच गिमहुआबाईंनी मला उचललं आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवलं. "नव्या वर्षाला ही तुझ्या सासऱ्यांसमोरच फुलायला हवी," त्या म्हणाल्या. तिथे सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या जळायच्या. आमच्या कळ्यांना धूर सोसत नाही. एक कळी पिवळी पडून गळली.

बाईंचा चेहरा उतरला. "म्हातारा रुसलाय. काहीतरी राहिलं आपल्याकडून," असं म्हणून त्यांनी उदबत्त्या वाढवल्या. दुसरी कळी गळली. त्यांनी आणखी वाढवल्या. मी घाबरून गेले होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

"आई, धुराने माझे डोळे चुरचुरतात. तिचं काय होत असेल?" यीच्युनने विचारलं.

"कांदा चिरतानाही चुरचुरतात तुझे डोळे. म्हणून जेवण बंद ठेवलंय का आपण?"

एकच कळी उरली, तोवर वर्षअखेरीची साफसफाई आली. सुकलेलं काही घरात ठेवून नवं वर्ष सुरू करायचं नसतं. बाई मला घेऊन स्वतः रस्त्यावर आल्या. कोपऱ्यावरून गाणं ऐकू येऊ लागलं. लोक पिशव्या फेकत होते आणि गाडीचं उघडं तोंड जवळ येत होतं. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात यीच्युन सपाता फटफटवत धावत आली. "द्या इकडे. तुमची कंबर धरेल. मी टाकते."

तिने टाकलं नाही. मागच्या दाराने नेऊन मला खिडकीत, मोठ्या पातेल्याच्या आड लपवलं. नव्या वर्षाच्या सकाळी माझी कळी उमलली.

गिमहुआबाई ते पातेलं घ्यायला आल्या आणि मला बघून थबकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यीच्युनला रागावायचंही त्यांना सुचलं नाही. "बघ, गेला म्हाताऱ्याचा राग," त्या म्हणाल्या. "एवढ्या उदबत्त्या लावल्या, त्या फुकट नाही गेल्या."

यीच्युनचे हात पिठात होते. ते धुवेपर्यंत बाईंनी मला उचललंसुद्धा.

आत्ता मी पुन्हा देव्हाऱ्यासमोर आहे. बाई खुशीत आहेत आणि त्यांच्या हातात उदबत्त्यांचा अख्खा जुडगा आहे. मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आम्हाला काय सोसतं ते आधी बघा. उजेड द्या, कडक ऊन नको. तहान लागली की पाणी द्या, तुम्हाला वेळ मिळाला म्हणून नको. फुलं गळली म्हणजे आम्ही मेलो असं समजू नका. आणि कृपा करून कुणीतरी यीच्युनला हाक मारा. काडी पेटली आहे.