शेवट फार भिडला

"अकराचा कार्यक्रम म्हणून बोलवायचं अन् साडेबाराला सतरंजी झटकायची! सकाळचा चांगला उजेड वाया गेला बघा, अक्का. आता ह्या उन्हात तोंडाला तेल चोपडल्यागत दिसायलेय मी."

तेजश्री पंचशीलाच्या कानाशी कुरकुरत होती, कारण कुरकुरायला तिथं दुसरा कान मोकळा नव्हता. गाणगापुरातल्या रविकुमारच्या लॉजची ती जेवणाची खोली. एरवी तिथं पुण्या-सोलापूरची यात्रेकरू मंडळी आमटी-भात जेवायची. आज टेबलं भिंतीला लावून अकरा माणसं सतरंजीवर बसली होती. माणसं अकरा, मोबाइलचे स्टँड सात आणि भिंतीला प्लग एक. त्या एका प्लगभोवती सकाळपासून जे राजकारण चाललं होतं, तेवढं जिल्हा पंचायतीतही होत नसेल.

"तुझं तोंड छानच दिसतंय," पंचशीला म्हणाली. "भाकरी दाखवायलीस का तोंड?"

"दोन्ही दाखवावं लागतंय, अक्का. नुसती भाकरी कोण बघतंय?"

तेजश्री गुलबर्ग्याची. वय सव्वीस, शिक्षण इंग्रजी शाळेत. ती कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचे छोटे छोटे व्हिडिओ टाकायची. दोन वर्षांपूर्वी रविकुमारनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट काढला, 'सीमेवरचे लिहिते-बोलते', त्यात ती आणि पंचशीला एकाच दिवशी आल्या. आता गटात तेवीसजण होते, सगळे सीमेच्या कर्नाटकाकडच्या बाजूचे. कुणी रेसिपी दाखवायचं, कुणी लग्नाचे फोटो काढायचं, कुणी वाढदिवसाचे फ्लेक्स सजवायचं. रविकुमार स्वतः गाणगापूरला आल्यावर कुठं उतरायचं, संगमावर आंघोळ कधी करायची, हे कॅमेऱ्यात बघून सांगायचा. पण आजवर ही माणसं एकमेकांना फक्त फोटोतल्या गोल चौकटीतच ओळखत होती. आज पहिल्यांदा पायांसकट भेटत होती.

गटाचा कायदा एकच होता, आणि तो रविकुमारनं मोठ्या विचारानं केला होता. कुणीही आपलं काही टाकलं की तासाभरात सगळ्यांनी तिथं जाऊन चार चांगले शब्द लिहायचे आणि गटात परत येऊन 'हजर' म्हणायचं. भज्याच्या गाड्यावर आधी चार गिऱ्हाइकं उभी दिसली की पाचवं आपोआप येतं, असं त्याचं म्हणणं. जो हजर होणार नाही, त्याच्या नावापुढं संध्याकाळी लाल ठिपका.

पंचशीलाला लाल ठिपका कधी लागला नाही. ती जनवाड्याच्या अंगणवाडीत सेविका, तिला हजेरीची सवय जन्माची. गटात काशाप्पाअण्णा होते, अफजलपूरकडचे, अट्ठावन्न वर्षांचे. त्यांच्या मेंढरांच्या व्हिडिओखाली ती कणीक मळता मळता करंगळीनं 'वा अण्णा' लिहून मोकळी व्हायची. कणकेचा हात मोबाइलला लागू नये, एवढीच काय ती काळजी.

स्वतः मात्र ती असं करंगळीनं लिहीत नसे. दुपारी अंगणवाडीतली लेकरं झोपली की भिंतीला टेकून, आधी वहीत आणि मग मोबाइलवर, एकेक वाक्य तीनतीनदा पुसून लिहायची. तिची शाळा आजोळी झाली, उदगीरला, मराठीतून, दहावीपर्यंत. लिहायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं. किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचता वाचता आलं तेवढं आलं. सहा वर्षांत ब्लॉगवर एकशे चाळीस लेख झाले होते. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय, ह्याच्यावर तिचा विश्वास होता. गेल्या सोमवारपर्यंत होता.

सोमवारी तिनं आईवर लेख टाकला. तिची आई, विमलबाई, बिदरच्या टॉकीजमध्ये आयुष्यभर सिनेमे बघत आली, पण एकाही सिनेमाचा शेवट तिनं बघितला नाही. जनवाड्याची शेवटची बस चुकू नये म्हणून ऐन मारामारीत उठून स्टँडकडं पळायचं. मग बसमध्ये आई शेजारच्या बायकांना त्या सिनेमाचा शेवट आपल्या मनानं रचून सांगायची. तो इतका रंगतदार असायचा की कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची थांबवून ऐकायचा. लेखाच्या शेवटी, एकदाचा आईनं पुरता सिनेमा बघितला त्या दिवसाची गोष्ट होती.

तासाभरात एकोणीस प्रतिक्रिया आल्या. 'शेवट फार भिडला.' 'शेवट वाचून डोळे पाणावले.' 'ताई, शेवट काळजात घुसला.' हुमनाबादच्या रूपालीनं लिहिलं, 'एक स्त्री म्हणून हा शेवट मला आतून हलवून गेला.' तिच्या लगेच खाली काशाप्पाअण्णांनीही लिहिलं, 'एक स्त्री म्हणून हा शेवट मला आतून हलवून गेला.' अण्णांच्या मिशा कानाला लागायला दोन बोटं कमी होत्या. पंचशीलाला वाटलं, किती मोठं मन ह्या माणसाचं.

शुक्रवारी तिनं सहज तो लेख उघडला, तर तो 'सिनेमा सुटला, आई बाहेर आली आणि म्हणाली,' इथंच थांबला होता. पुढं स्वल्पविराम, आणि त्यापुढं कोरं. वहीतून मोबाइलवर आणि मोबाइलवरून ब्लॉगवर नेताना शेवटची दोन पानं मागंच राहिली होती. एकोणीसजणांना भिडलेला शेवट जगात कुठंच नव्हता.

आधी ती हसली. इतकी हसली, की झोपलेली लेकरं उठली. संध्याकाळपर्यंत ते हसू ओसरलं आणि तिनं ब्लॉग कायमचा पुसून टाकायचं बटण कुठं असतं ते शोधून ठेवलं. ठरवलं एवढंच, की रविवारी ही सगळी माणसं समोर दिसतील. त्यांच्यात एकजण जरी निघाला, ज्यानं आपलं काही वाचलंय, तर लिहायचं. नाहीतर परतीच्या बसमध्ये ते बटण दाबायचं आणि दुपारी लेकरांबरोबर आपणही झोपायचं.

पहाटे निघताना नवऱ्यानं, विलासनं, विचारलं होतं, "तू अन् गाणगापूरला? देव कधीपासून?"

"देवाला न्हाई जायले. माणसं बघायला जायले," ती म्हणाली होती.

तर माणसं समोर होती. रविकुमार माइक घेऊन उभा राहिला. खोली एवढी, की कोपऱ्यात कुणी शिंकलं तर सगळ्यांनी 'सावकाश' म्हणावं. पण माइक आणला होता आणि तो वापरणं भाग होतं. त्यानं एकेकाची ओळख करून दिली. तेजश्रीच्या चटणीला 'आपल्या मातीचा ठसका' म्हणाला. पंचशीलाकडं वळून म्हणाला, "आणि ह्या आपल्या अक्का! ह्यांच्या लेखणीबद्दल मी काय बोलावं? शब्दच अपुरे पडतात."

टाळ्या झाल्या. पंचशीलानं बसल्या जागेवरून हळूच विचारलं, "रवी, कुठला लेख आवडला रे तुला?"

"सगळेच, अक्का!" रविकुमार माइकमधून म्हणाला. "डावं-उजवं करताच येत न्हाई."

पंचशीलानं मनात बोट दुमडलं. एक गेला.

चहाला तिनं फ्लेक्सवाल्या पोराला विचारलं. त्याला लेखाचा फोटो आवडला होता. फोटो तिनं नव्हता काढला, ब्लॉगवर तो आपोआप लागलेला. दुसरं बोट. फोटोग्राफर म्हणाला, "लांबी एकदम करेक्ट असती तुमची." तिसरं. हाताची बोटं संपत आली तशी तिला गंमतही वाटायला लागली. माणसं वाईट नव्हती. तिच्यासाठी कुणी खुर्ची सरकवली, कुणी चार्जर दिला, तेजश्रीनं तर आपल्या डब्यातली चटणी कागदात बांधून तिच्या पिशवीत कोंबली. एवढी प्रेमळ माणसं आणि एवढं सपाट खोटं. तिला राग येईना, हीच पंचाईत होती.

जेवण दीड वाजता आलं. वाढायला रविकुमारची आई, दानम्मा. बाहेर माधुकरीची वेळ. झोळी घेतलेले यात्रेकरू दारात यायचे, दानम्मा त्यांना भाकरीचा तुकडा घालून परत आत यायची. तिला ह्या मंडळींचं काही कळत नव्हतं आणि कळत नाही ह्याची लाजही नव्हती. तिनं तेजश्रीपासून सुरुवात केली.

"तू काय करतीस गं?"

"भाकरी कशी करायची ते दाखवते, मावशी."

"कुणाला?"

"लोकांना."

"अन् लोकांना भाकरी येत न्हाई?" दानम्मा भाकरी वाढत म्हणाली. "अवघड झालं की मग."

सगळे हसले. दानम्मानं मोर्चा काशाप्पाअण्णांकडं वळवला, पण विचारलं पंचशीलाला. "हे पाहुणे काय दाखवायलेत?"

"अण्णा मेंढरं दाखवतात," पंचशीला म्हणाली.

"मेंढरं काय करायलीत?"

पंचशीलानं हातातला घास परत आमटीत बुडवला. दोन वर्षं तिनं 'वा अण्णा' लिहिलं होतं. त्या मेंढरांनी दोन वर्षांत काय केलं, ह्याचा तिला पत्ता नव्हता. "चरायलीत," ती म्हणाली.

काशाप्पाअण्णांनी मान वर केली. "अक्का, मेंढरं मी गेल्या साली विकली. वरीस झालं, उसाला पाणी कसं द्यायचं ते दाखवायलोय. तुमी 'वा अण्णा' लिवता की त्याच्याखाली."

मग रविकुमारच्या नाकातून ताक आलं आणि सगळी पंगत फुटली. फोटोग्राफर पाठीवर पडला. तेजश्री डोळे पुसत "चरायलीत! चरायलीत!" करत होती. पंचशीलाला भुईत जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी पोट धरून हसूही येत होतं. एकोणीसजणांना मोजायला निघालेली ती स्वतःच विसावी निघाली होती.

"चुकलं, अण्णा," ती म्हणाली. "कणीक मळत असते मी."

"असू द्या की. ऊस काय तुमच्यासाठी थांबलाय?" अण्णा म्हणाले. पण ते हसत नव्हते. पत्रावळीत आमटीतली भाकरी कुस्करत होते.

दानम्मानं आमटीचं भांडं खाली ठेवलं. तिला रंग चढला होता. "अन् ही अक्का काय लिवती? सांग रे, रवी."

"आईवर लिवलंय अक्कानं," रविकुमार तोंड पुसत म्हणाला. "लई भारी."

"काय लिवलंय?"

"आईचं... प्रेम."

"कसलं प्रेम?"

"आईचं असतंय तसलं, आई! तू भात आण."

"शेवट लई भारी हाय, मावशी," तेजश्री मदतीला धावली.

"व्हय? मग सांग की. काय हाय शेवट?"

तेजश्रीनं अर्धी भाकरी एकदम तोंडात घातली आणि बोलता येत नाही अशी खूण केली. दानम्मानं फोटोग्राफरकडं बघितलं, त्यानं मिठाकडं बघितलं. फ्लेक्सवाल्यानं मोबाइल कानाला लावला, जो वाजलाच नव्हता. ओळीनं अकरा पत्रावळी, आणि सगळे आपापल्या पत्रावळीत काहीतरी हरवल्यासारखे वाकलेले.

पंचशीला बोलू शकली असती. 'शेवट नव्हताच' एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर पोचले होते. पण समोरच्या चेहऱ्यांवर तिला चोरी पकडल्याचा भाव दिसेना, काहीतरी वेगळंच दिसत होतं. अंक न आलेलं लेकरू फळ्यापुढं उभं राहतं ना, तसं. हे तोंड ती रोज अंगणवाडीत बघत होती. ह्या मोठमोठ्या माणसांवर ते कुठून आलं, हे तिला उमगेना. दारात एक झोळीवाला आला, उभा राहिला, आत एवढी शांतता बघून पुढं गेला.

काशाप्पाअण्णांनी हात पत्रावळीत झटकला.

"शेवट मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

"अण्णा, जाऊ द्या ना," रविकुमार पुटपुटला.

"कामून जाऊ द्या? बाई पाच वाजता घरातून निघून आलीय." ते पंचशीलाकडं वळले. मिशीला आमटी लागली होती, ती त्यांनी पुसली नाही. "शेवट ठाऊक न्हाई, अक्का, अन् सुरुवातबी ठाऊक न्हाई. माझी शाळा सगळी कन्नड. घरात मराठी, रानात मराठी, बायकोशी भांडतो ते मराठीत. पण वाचाया बसलो की हिंदीच्या तासाला शिकलेलं एकेक अक्षर जुळवत बसावं लागतंय. चार ओळीला घाम फुटतो. मग वरच्यानं काय लिवलंय ते उचलायचं, खाली चिकटवायचं, अन् 'हजर' म्हणायचं. वरचा बाई हाय का बाप्या, तेबी कळंना झालं. ह्या रवीचं असंच हाय. ह्या पोरीची शाळा इंग्लिश, तिचंबी असंच. दोन वर्षं झाली, एकमेकाला विचाराया लाजायलोत." त्यांनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली. कुणी नाही म्हणालं नाही. "आमाला मराठी वाचता येत न्हाई, अक्का. ऐकता येती. वही आणली असंल तर काढा, अन् तुमच्या तोंडानं पहिल्यापासून वाचा."