देओलिंडेलाचा मागचा पाय

मी एक जुना भुंगेरा आहे. मित्रांनो, माझे आडनाव रद्द झाले आहे आणि माझा मागचा पाय तीन माणसांच्या चहापाण्यात गेला आहे.

आता हे वाक्य विसरा. असे अजून काहीही घडलेले नाही. माझे आडनाव जागेवर आहे, पाय जागेवर आहे आणि मी येर्बाच्या झाडावर बसून पान खातो आहे. कहाणी तिथूनच सुरू करायची पद्धत आहे, म्हणून आपण तिथून सुरू करू.

आमच्या पाराग्वेत येर्बाचे पान सगळेच संपवतात. माणसे ते वाळवतात, कुटतात, शिंगाच्या पेल्यात भरतात, वर बर्फाचे पाणी ओततात आणि जाळीच्या नळीने ओढून पितात. त्याला तेरेरे म्हणतात आणि एकच पेला सगळ्यांत फिरतो. आम्ही भुंगेरे तेच पान सरळ चावून खातो. आमची पद्धत स्वस्त आहे आणि तिच्यात पेला आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहावी लागत नाही.

त्या सकाळी मी नुकताच मातीतून बाहेर आलो होतो. अंग ओले होते, पाठ मऊ होती. मागच्या दोन मांड्या मात्र चांगल्याच फुगीर होत्या. त्या कशासाठी दिल्या आहेत हे मला कोणी सांगितले नव्हते. आमच्यात आई अंडी घालून निघून जाते आणि वडील त्याच्याही आधी निघून गेलेले असतात.

त्या झाडाखाली एक जोडपे आले. नवरा आपारिसियो, कृषी शाळेत मास्तर. बायको देओलिंडा. लग्नाला थोडेच दिवस झाले होते आणि मास्तर तिला फिरायला म्हणून कीटक गोळा करायला घेऊन आला होता. देओलिंडाने मला पाहिले आणि दोन बोटांत उचलले.

“हलू नकोस!” मास्तर ओरडला.

तो तिला म्हणाला की मला, ते कळले नाही. आम्ही दोघेही हललो नाही.

पुढे बाटली आली. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण लहान मुले वाचत आहेत. शुद्धीवर आलो म्हणता येणार नाही, पण नंतर पाहिले तर मी एका त्रिकोणी कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटलेला होतो आणि टाचणी त्या कागदातून गेली होती. माझ्यातून गेली नव्हती, याबद्दल मी आजही आभारी आहे. या गडबडीत डाव्या बाजूचा मागचा पाय मोडून हरवला. मागचा पाय एकच उरला. हे लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळे येऊन ठेपणार आहे.

मास्तरने माझ्यासारखा दुसरा भुंगेरा शोधायला सगळे येर्बाचे मळे पालथे घातले. मिळाला नाही. आम्ही होतो पुष्कळ. पण मास्तर ज्या फांदीकडे पाही, तिच्या मागच्या फांदीवर असायचो.

मित्रांनो, आमच्या नावात दोन शब्द असतात. आडनाव आधी येते, त्याला प्रजाती म्हणतात. मग आपले एकट्याचे नाव येते. मास्तरने बरेच दिवस भिंगातून माझ्या मांडीकडे पाहिले. पिसू-भुंगेऱ्यांची मांडी अशीच फुगीर असते, पण ते पिसवांसारखे टुणकन उडतात. हा तर बायकोच्या बोटांत निवांत बसला होता. म्हणजे हा त्यांच्यातला नाही. मग कोणातला? कोणातलाच नाही. तेव्हा मास्तरने माझ्यासाठी नवी प्रजाती काढली आणि तिला बायकोचे नाव दिले. बायको देओलिंडा, म्हणून प्रजाती ‘देओलिंडेला’. सबंध प्रजातीत मी एकटा. वर्गात एकच मुलगा असला की तो पहिला येतोच, तसे माझे झाले.

ते दिवस मानाचे होते; शाळेच्या कीटकसंग्रहात मला काचेची पेटी मिळाली होती. शाळेची मुले रांगेने येत, काचेला नाक लावत आणि म्हणत, “एवढासाच?” देओलिंडा बाजारात गेली की कसाईसुद्धा तिला विचारी, “काय, भुंगेरा बरा आहे ना?” ती म्हणे, “तुझ्यापेक्षा बरा आहे, वजनात फसवत नाही.”

मग मास्तर गेला. त्याच्या मागे संग्रहाकडे कोणी पाहीना. छत गळू लागले. मुंग्यांनी शेजारच्या पेटीतले एक अख्खे फुलपाखरू नेले, फक्त नावाची चिठ्ठी ठेवली. माझ्या पेटीत मात्र डांबरगोळी कधी संपली नाही. ती दर आठवड्याला न्या देओलिंडा आणून ठेवी. वयस्क बाईला आमच्याकडे मानाने न्या म्हणतात; आता ती म्हातारी झाली होती. मक्याच्या पिठाचा, चीज घातलेला, कड्यासारखा पाव ती सोबत आणी, पेटीसमोर बसून खाई आणि काच रुमालाने पुसे. कधी म्हणे, “अंगठी दिलीस ती नदीत पडली. हा तेवढा टिकला.” हे ती मास्तरला म्हणे, पण पाही माझ्याकडे.

आता पाय गेला त्या जानेवारीकडे येऊ; आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा असतो.

राजधानीहून डॉक्टर वेनान्सियो आला. औषधाचा डॉक्टर नव्हे, भुंगेऱ्यांचा. देशातल्या सगळ्या पान खाणाऱ्या भुंगेऱ्यांची नव्याने वर्गवारी लावायचे काम त्याच्याकडे होते. संग्रह आता निमिया नावाची तरुणी सांभाळत होती आणि ती त्याचीच विद्यार्थिनी होती. त्याने माझी पेटी उघडली, भिंग लावले आणि म्हणाला, “हा पिसू-भुंगेरा आहे. आत स्प्रिंग असणार.”

पिसू-भुंगेऱ्याच्या मागच्या मांडीत एक वळलेली कमान असते, घड्याळातल्या स्प्रिंगसारखी. ती ताणून सोडली की भुंगेरा उडतो. ती माझ्यात निघाली, तर मला एका जुन्या, गर्दीच्या प्रजातीत ढकलणार आणि देओलिंडेला हे नाव रद्द होणार. नाही निघाली, तर नाव राहणार. बाहेरून काही दिसत नाही. मांडी उघडावी लागते. पाय एकच, आणि तो एकदाच उघडता येतो.

न्या देओलिंडाला कोणी बोलावले नव्हते. ती आली आणि खुर्ची ओढून बसली.

“तुम्ही घरी थांबला असता तरी चाललं असतं, न्या,” निमिया हळूच म्हणाली.

“माझा पाय कापताय आणि मीच घरी बसू?”

“पाय भुंगेऱ्याचा आहे,” वेनान्सियो म्हणाला.

“आणि नाव कुणाचं आहे?”

वेनान्सियोने कात्री पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

“हा उडत नाही, लेका. मी ह्या बोटांनी उचललाय त्याला. तू कधी पिसू बोटांनी उचललीयस का?”

“पण मांडी बघा ना, न्या. एवढी मांडी नुसतं चालायला लागत नाही.”

“माझी बघ. मी कुठे उड्या मारते?”

निमियाला एकदम खोकला आला.

कात्री आली. मित्रांनो, मी पुष्कळ काळ मेलेलो आहे, त्यामुळे दुखले असे म्हणणे खोटे ठरेल. पण सगळे गप्प झाले, पंखा वीज गेल्यामुळे आधीच गप्प होता, आणि त्या शांततेत माझा पाय तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. वेनान्सियोने तो काचेच्या छोट्या वाटीत पाण्यात ठेवला. वाळलेला पाय भिजला, की मांडी न चुरता उघडते.

भिजायला वेळ लागणार होता आणि दुपार झाली होती. आमच्याकडे दुपारी कोणी जागे राहत नाही. त्या वेळी घर पेटले तरी शेजारी उठल्यावर सांगतात. वेनान्सियो बाकावर आडवा झाला, निमियाने टेबलावर डोके टेकले. मी जागा होतो. मला पापण्या नाहीत.

न्या देओलिंडाही जागी होती. तिने शिंगाच्या पेल्यात येर्बा भरली, नळी खोचली.

आता आमची एक रीत ऐका. तेरेरेचा पहिला पेला संत तोमासचा असतो. तो कोणी ओढत नाही. पाणी ओतायचे आणि येर्बाला पिऊ द्यायचे. येर्बाने पाणी प्याले की संत प्याला असे समजतात. आता रीत म्हणजे रीत, पण बर्फाचे पाणी मोजकेच असते. तेव्हा आमच्या बायका संताला हाताशी असेल ते साधे पाणी देतात. संताने आजवर कोणाला बोलून दाखवलेले नाही.

त्या दिवशी नळाला पाणी नव्हते. न्या देओलिंडाने इकडेतिकडे पाहिले आणि काचेची वाटी उचलली. तिने आत पाहिले की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी टाचणीवर असतो. माझी मान वळत नाही.

तिने ती वाटी येर्बावर ओतली. “घे तोमास,” ती म्हणाली. मग दोघांना उठवले. “उठा रे, गार आहे तोवर घ्या.”

पेला फिरू लागला. निमिया, वेनान्सियो, न्या, परत निमिया.

“आज कुठला पाला कुटलाय ह्यात?” वेनान्सियोने विचारले. “वेगळीच चव आहे. औषधी.”

“मलाही लागली,” निमिया म्हणाली. “पोटाला बरं वाटतंय.”

ती माझ्या डांबरगोळ्यांची चव होती.

वेनान्सियो नळी ओढता ओढता टेबलाकडे वळला. “वाटी कुठंय?”

“पुसून ठेवली,” न्या म्हणाली.

“आतलं पाणी?”

“तोमासला दिलं. मग काय बर्फाचं देऊ त्याला?”

नळी वेनान्सियोच्या तोंडात होती. त्याने ती ओढली नाही आणि बाहेरही काढली नाही. निमियाचा हात आपोआप पोटावर गेला.

मग पेला पांढऱ्या ताटात पालथा झाला. ओली हिरवी येर्बा सगळीकडे पसरली. मित्रांनो, येर्बात काड्या असतात आणि त्यातली प्रत्येक काडी माझ्या पायासारखी दिसत होती. वेनान्सियो चिमट्याने एकेक उचलत होता. त्याच्या कपाळावरचा घाम ताटात पडेल म्हणून निमिया तो टिपत होती.

“हा?”

“काडी.”

“आणि हा?”

“तीही काडीच, डॉक्टर. मघाची.”

“सापडला नाही तर काय होतं?” न्या देओलिंडाने खुर्चीवरून विचारले.

वेनान्सियो थांबला. तो खोटे बोलू शकला असता. “तर काही सिद्ध होत नाही,” तो म्हणाला. “नाव आहे तसंच राहतं.”

“अस्सं.”

ती नळी पुसत होती. नळीच्या खालच्या टोकाला जाळी असते, येर्बा तोंडात येऊ नये म्हणून. तिने रुमालाने ती जाळी पुसली, डोळ्यांजवळ नेली आणि तिचा हात थांबला. ती माझ्या समोरच बसली होती, त्यामुळे ह्या वेळी मला दिसले. जाळीच्या भोकात माझा पाय अडकला होता.

ते दोघे ताटावर वाकलेले होते. एक फुंकर पुरली असती. खिडकी उघडी होती. मी तिला सांगायचा खूप प्रयत्न केला. काय सांगायचे होते ते मात्र माझे ठरत नव्हते. नाव माझेही होते, पण पायही माझाच होता.

तिने तोंड नळीजवळ नेले. गाल फुगवले. मग तो श्वास तसाच नाकाने सोडून दिला.

“मास्तरलाही बघायचं होतं,” ती म्हणाली. “रोज रात्री जेवताना म्हणायचा, उद्या उघडतो. धीरच झाला नाही त्याला. एकच पाय ना.” तिने नळी पुढे केली. “घे लेका. जाळीत बघ.”

जाळीने मांडी आधीच चेपून उकलली होती. वेनान्सियोने भिंगातून पाहिले. बाहेर एक कोंबडा वेळ चुकवून आरवला आणि गप्प बसला.

“आहे,” वेनान्सियो म्हणाला.

न्या देओलिंडा उठली, त्याला कोपराने बाजूला सारले आणि स्वतः डोळा लावला. बराच वेळ लावला.

“केवढीशी ती,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मग मेल्या, उडाला का नाहीस?”

इतक्या वर्षांत मला कोणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. उत्तर साधे होते: अंग ओले होते, पान अर्धेच खाल्ले होते आणि आत काय आहे ते मला माहीत नव्हते.

“नाव रद्द होतं, न्या, पण पुसत नाहीत,” वेनान्सियो आपल्या बुटांकडे बघत म्हणाला. “त्या गर्दीच्या प्रजातीच्या नावाखाली ते कायम लिहिलेलं राहतं. आणि ते परत दुसऱ्या कुठल्याच प्राण्याच्या प्रजातीला देता येत नाही.”

“कुणालाच नाही?”

“कुणालाच नाही.”

“मग बरंय. माझ्यानंतर कुणी वापरून मळवायला नको.” तिने ताटातली येर्बा झाडून टाकली, पेला पुन्हा भरला आणि पहिले पाणी ओतले. ह्या वेळी बर्फाचे ओतले. संताला बहुधा दातांतून कळ आली असेल.

आता माझा पाय एका इवल्याशा कुपीत, माझ्याच टाचणीवर, माझ्या खाली असतो. न्या देओलिंडा अजून डांबरगोळी आणते आणि आता दोन ठेवते. मित्रांनो, तुमच्या शाळेत अशी एखादी जुनी पेटी असेल, तर तिच्यातही एक गोळी टाका आणि काच पुसा. आत कोण काय न वापरता बसले आहे ते बाहेरून दिसत नाही.

सबब, प्राण्यांची नावे ठरवणाऱ्या माननीय मंडळास विनंती की, अर्जदाराच्या मागच्या मांडीत स्प्रिंग असल्याचे रीतसर सिद्ध झाले असल्याने अर्जदारास एक वेळ, कार्यालयीन वेळेत, संग्रहाच्या खिडकीपासून येर्बाच्या झाडापर्यंत उडी मारण्याची परवानगी मिळावी. पाय सोबत स्वतंत्र कुपीत सादर केला आहे. मंजुरी येईपर्यंत अर्जदार जागेवरच आहे.