पोटातला रंग

मी एक काचेची नळी. बोटभर लांब, खालून बंद, कंबरेवर एक पांढरी रेघ. त्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचं आणि जरा थांबायचं. मग पाण्याला जो रंग चढेल तो सोबतच्या रंगीत कार्डाशी ताडून पाहायचा. पिवळा आला तर पाणी चांगलं. हिरवा आला तर त्या पाण्यात मासोळ्यांना मारणारं विष. काम एवढंच, पण ते करता करता मी अशी गोंधळले की विचारू नका.

कारण माझ्या पोटातला रंग मला दिसतच नाही. तो लोकांनी सांगायचा आणि मी मानायचा.

जन्माचं म्हणाल तर आगीची ऊब तेवढी आठवते. पुढे सगळा खोक्यातला अंधार. नागपूरबाहेरच्या वाडी गावातल्या एका गोदामात किती दिवस पडून होते, कोण जाणे. बाहेर ट्रक गुरगुरले की माझ्या अंगाला बारीक कंप सुटायचा. एके दिवशी खोकं फुटलं आणि मी स्वानंदच्या हातात आले, नागपुरातल्या प्रतापनगरात.

घरात तो, त्याची बायको रितिका आणि आई शोभाताई. मागच्या अंगणात सिमेंटचं टाकं, त्यात कमळाची पानं आणि लाल मासोळ्या. त्या शोभाताईंच्या. सकाळचा चहा त्या टाक्याच्या काठावरच घ्यायच्या आणि कणकेच्या बारीक गोळ्या पाण्यात टाकत मासोळ्यांशी बोलायच्या. शेपटी कुरतडलेली एक होती, तिला ‘फाटकी’ म्हणायच्या. फाटकी तिरपी पोहायची, पण गोळीला सगळ्यांच्या आधी हजर.

उन्हाळा लागला तसं अंगणावर हिरवं नेट ताणलं गेलं, इथल्या घराघरांवर ताणतात तसं. त्याच सुमारास एक मासोळी उलटी तरंगताना दिसली. म्हातारी होती की उन्हाने गेली, देव जाणे. पण स्वानंदच्या मनाने घेतलं, पाणीच बिघडलं. म्हणून मला आणलं.

पहिल्या रविवारी त्याने मला टाक्यातल्या पाण्याने भरलं, थेंब टाकले आणि उजेडाकडे, म्हणजे वर नेटकडे धरलं.

“हिरवं! आई, विष आहे पाण्यात.”

झालं. अर्धं टाकं उपसलं आणि नळाचा पाइप थेट आत सोडला. दुसऱ्या दिवशी दोन मासोळ्या कुशीवर पडल्या. पुन्हा मला वर धरलं. हिरवं. पुन्हा उपसा, पुन्हा पाइप. पुन्हा मासोळ्या गेल्या. मी चक्रावून गेले. पोटात नवंकोरं पाणी, आणि मी हिरवी! हे विष येतं कुठून? माझ्याच काचेतून पाझरतं की काय?

त्यात एकदा मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुवायला घेतलं, तर रितिका म्हणाली, “स्वानंद, हे तं पिवळं दिसून राहिलं.”

“शिळं झालं ते. रंग उतरला असेल,” तो आतून म्हणाला.

अंगणात हिरवी, ओट्यावर पिवळी! मी नेमकी कोण?

शेवटी स्वानंद कंटाळला. गेटबाहेर मुरमाची ट्रॉली रिकामी करून घेतली. रविवारी शेवटचं पाणी तपासायचं आणि हिरवंच निघालं तर टाकं बुजवायचं.

“अन् ह्या कुठं जातीन?” शोभाताईंनी विचारलं.

“फुटाळा तलावात सोडून देऊ.”

“फाटकीले तं इथंच धड पोहता येत नाही. तिले काहून तिकडे नेऊन मारतं गा?”

त्या दिवशी शोभाताईंचा चहा काठावर तसाच गार झाला.

रविवार आला. मला भरलं, हलवलं, वर धरलं. हिरवं. स्वानंद फावडं आणायला वळला, तेवढ्यात शोभाताई माठातलं पाणी पेल्यात घेऊन आल्या.

“आता हे टाक तिच्यात.”

“आई, हे प्यायचं पाणी आहे.”

“मंग? टाक ना. नाही तरी तुह्या नळीले सारं हिरवंच दिसते.”

आईचा राग निघून जावा म्हणून त्याने मला खंगाळून त्या पाण्याने भरलं. थेंब टाकले. थांबला. वर धरलं. हेही हिरवं!

“रितिका! माठ कधी घासला होता?”

“काहून? मी काय विष घोळून राहिली माठात?”

“सकाळपासून तेच पिऊन राहिली मी,” शोभाताई म्हणाल्या. “मेली काय?”

रितिकाने मला त्याच्या हातातून ओढलं आणि गेटबाहेर नेलं. मुरमाच्या ढिगावर चढून उघड्या उन्हात मागे पांढरा कागद धरला. “इकडे ये. पिवळं आहे हे!”

स्वानंद धावत आला. पाहिलं, पिवळं. मला घेऊन टाक्यापाशी गेला, वर धरलं, हिरवं. परत गेटबाहेर, परत पिवळं. पाणी तेच, नळी तीच, मला तर गरगरायला लागलं. चार खेपा झाल्यावर त्याने मान वर केली आणि डोक्यावरच्या हिरव्या नेटकडे बघतच राहिला. मग टाक्यातलं पाणी भरून उन्हात नेलं. तेही पिवळंच.

तो मुरमावरच बसला. “मंग त्या मेल्या कशाने?”

गेटपाशी गुंडाळून ठेवलेल्या पाइपच्या तोंडातून पाणी ठिबकत होतं. त्याला नाकाला झोंबणारा औषधी वास होता. रितिका हळूच म्हणाली, “नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असते ना, क्लोरीन. आपण ते तसंच सोडत होतो.”

“म्हणजे मीच.”

शोभाताईंनी कणकेची वाटी त्याच्या हातात दिली. “ऊठ. फाटकी उपाशी आहे.”

त्याने आजवर कधी गोळी टाकली नव्हती. टाकली. पाणी हललं नाही. दुसरी टाकली. बऱ्याच वेळाने पानाखालून फाटकी तिरपी तिरपी आली आणि गोळी घेऊन गेली. स्वानंदने तोंड फिरवलं.

आता नळाचं पाणी दोन दिवस उघड्या बादल्यांत ठेवतात, औषध उडून गेलं की थोडं थोडं टाकतात. मुरूम गेटबाहेर तसाच आहे, मला पाहायचं तर त्यावरच चढतात. दर रविवारी आधी माठाचं पाणी, मग टाक्याचं, हा शोभाताईंचा हट्ट. माझी कड जराशी टवकली आहे, रेघ पुसट होत चालली आहे, आणि पोटातला रंग मला अजूनही दिसत नाही. तेव्हा बाबांनो, मला हातात घ्याल तर एवढं करा. माझ्याकडे पाहण्याआधी एकदा वर बघा, तुमच्या डोक्यावर काय ताणलेलं आहे ते.