कप्तानबाईंचं रडणं

डेपोत तिला सगळे कप्तान म्हणत. नाव पडलं ते चेष्टेतून. शहरात बस चालवणाऱ्या बाया तिच्या आधीही होत्या, पण दोन डब्यांची, मधोमध भात्यासारखी वाकणारी लांबलचक बस हातात घेणारी ती पहिलीच. पहिल्या दिवशी गाडी फाटकातून बाहेर काढताना कुणीतरी मागून म्हणालं, 'निघाली जहाज घेऊन कप्तान,' आणि नाव चिकटलं. तिनेही ते हसत हसत मिरवलं. आता तर पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचलं की तिलाच क्षणभर परकं वाटे.

ती मूळची अशी धीट नव्हती, हे मात्र डेपोत कुणाला खरं वाटलं नसतं. लहानपणी ती इतकी बुजरी होती, की दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी तशीच घरी यायची आणि आईचा मार खायची. तिला बोलायला शिकवलं ते पडद्यावरच्या एका नटीने. ही नटी कधी नायिका झाली नाही. भाडेकरीण, नर्स, नायकाची आत्या, कोर्टातली साक्षीदार, असल्या दोन-चार प्रसंगांच्या भूमिका करायची. पण ती आली की थिएटर सरसावून बसायचं. लोक तिला फटकळ मावशी म्हणत, पुढे नुसतं मावशी. एका सिनेमात घरमालक तिला म्हणतो, तुझा आवाज फार चढलाय. त्यावर ती शांतपणे म्हणते, 'तुमचं ऐकू येणं कमी झालं, म्हणून चढवावा लागला.' हे वाक्य कप्तानने आरशासमोर उभं राहून किती वेळा म्हटलं असेल, कुणास ठाऊक. पहिल्यांदा ते खरोखर वापरलं ते ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरावर. त्यानंतर मास्तराने तिला नीट शिकवलं.

मावशी गेल्याचं तिला कळलं ते भाजीबाजाराच्या थांब्यावर. दारं उघडी होती, माणसं पिशव्या सांभाळत चढत होती. मागच्या बाकावर कॉलेजची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "अगं, मावशी गेली." कप्तानला वाटलं, पोरीच्या घरी काहीतरी वाईट घडलं. तिने आरशात पाहिलं. पण तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी फोन बघून तेच म्हटलं, मग तिसऱ्याने. एकाच वेळी निम्म्या बसची मावशी कशी जाईल? मग तिच्या डोक्यात उजेड पडला.

तिने हँडब्रेक ओढला, कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि रडली. मोठ्याने नाही, पण खांदे हलत होते आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. थोड्या वेळाने तिने बाहीने तोंड पुसलं, आरशात पाहून दारं बंद केली आणि गाडी काढली. पुढचे सगळे थांबे तिने नीट घेतले. एका म्हाताऱ्याला चढताना त्रास झाला तर गाडी फुटपाथला अगदी चिकटवून उभी केली.

संध्याकाळी घरी आली तर मुलगी दारातच फोन घेऊन उभी. मुलगी म्हणाली, "आई, आधी बस. मग दाखवते."

व्हिडिओत तीच होती. पाठीमागून, जरा तिरकी, खांदे हलणारी. खाली दुःखी संगीत घातलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'मावशीसाठी रडली अख्ख्या शहराची बसवाली.' तोवर तो इतक्या लोकांनी पाहिला होता, की आकडा ऐकून तिला काही बोधच होईना. खाली प्रतिक्रियांचा बाजार भरला होता. कुणी हात जोडले होते, कुणी हृदयं टाकली होती. कुणी विचारत होतं, अशा हळव्या बाईच्या हातात आपले जीव द्यायचे का. कुणी म्हणत होतं, नाटक आहे, आधी ठरवून केलंय. एकाने तर तिच्या नवऱ्याच्या खात्यावरून त्यांचा लग्नातला फोटो उकरून काढला होता आणि त्याखाली तिच्या नाकावर चर्चा चालू होती.

सासूबाई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "तुझ्या नाकाचं त्यांना काय पडलंय गं?" मग स्वतःच म्हणाल्या, "मला मेलीला त्या नाकात वीस वर्षांत खोट सापडली नाही, आणि मी तर शोधत होते." कप्तानला हसू आलं, आणि हसता हसता परत रडू आलं. पण या वेळी दार लावलेलं होतं.

शीतगोदामात काम करणारा तिचा नवरा घरी आला तेव्हा त्याला सगळं आधीच कळलेलं होतं. त्याच्या मुकादमाने कौतुकाने व्हिडिओ दाखवला होता. तो म्हणाला, जाऊ दे, चार दिवसांत लोक विसरतील. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण चोर चार दिवसांनी दुसऱ्या घरी जाईल म्हणून आज त्याला चहा पाजायचा का, असं तिला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी नणंदेच्या नवऱ्याने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. मावशीचा, हॉस्पिटलमधला, शेवटच्या दिवसांतला. कुणीतरी चोरून काढलेला. नाकात नळ्या, डोक्यावर केस नाहीत. कप्तानने तो अर्धवट पाहिला आणि फोन उलटा ठेवला. जिने जन्मभर मुलाखतीत वय सांगितलं नाही, आजार शेवटपर्यंत कुणाला कळू दिला नाही, कुठल्याही समारंभाला नीट नटून, ताठ मानेने गेली, तिला बोलता येईनासं झाल्यावर कुणीतरी गाठलं होतं.

तोवर ती स्वतःसाठी चिडली होती. आता मात्र तिचं डोकंच फिरलं. तिने नणंदेच्या यजमानांना फोन लावला आणि तो फोटो काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, अहो वहिनी, सगळ्यांकडे आहे, मी एकट्याने काढून काय होणार. ती म्हणाली, "सगळ्यांच्या घरी मी जाऊ शकत नाही, भाऊजी. तुमच्या घरी येऊ शकते. येऊ का?" फोटो गेला. त्यानंतर नणंद महिनाभर रुसली होती, तो भाग वेगळा.

मावशीच्या घरच्यांनी अंत्यविधी बंद फाटकाआड उरकला. बाहेर फुलं घेऊन आलेली गर्दी चिडली, फोनवर त्यांच्या नावाने बोटं मोडली. डेपोतही बोलणी चालली, की जिला आम्ही मोठं केलं तिचं शेवटचं दर्शनही आम्हाला नाही. कप्तान चहाचा पेला ठेवून म्हणाली, बरं केलं त्यांनी. तिकिटाचे पैसे आपण सिनेमाचे दिले होते, मढ्याचे नाही.

त्याच आठवड्यात तिला मुख्य कचेरीतून बोलावणं आलं. प्रसिद्धी खात्याचे साहेब तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाले, बस थांब्यावर खोळंबवल्याबद्दल काही तक्रारी आल्या आहेत, चौकशी लागू शकते. पण काळजीचं कारण नाही, कारण खात्याला एक छान कल्पना सुचली आहे. मावशीच्या स्मरणार्थ एक बस सजवायची, तिच्या चित्रांची. आणि कप्तानने त्या बसमध्ये बसून एक छोटासा व्हिडिओ द्यायचा. सुरुवात तशीच करायची, स्टिअरिंगवर कपाळ टेकवून. मग मान वर करून मावशीबद्दल दोन शब्द. तक्रारी आपोआप मिटतील; सुंठीवाचून खोकला जाईल.

"म्हणजे मी परत रडायचं?" तिने विचारलं.

"रडायलाच पाहिजे असं नाही. नुसतं टेकवलं तरी चालेल."

ती म्हणाली, मला जमणार नाही. साहेबांना वाटलं, लाजते आहे. त्यांनी समजावलं, की सगळ्या जगाने पाहिलंच आहे, आता त्यात लपवण्यासारखं काय उरलं?

कप्तान उठून उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही. "साहेब, ज्या घरात चोरी झाली, त्या घराला दार नको असतं का? मी त्या दिवशी रडले ते माझं होतं. ते कुणीतरी नेलं. आता तुम्ही म्हणताय, मी स्वतः उठून दुसरं आणून द्यावं. चौकशी लावा. गाडी थांबवली हे खरं आहे, त्याची शिक्षा मी घेईन. रडल्याची घेणार नाही, आणि बक्षीसही घेणार नाही."

चौकशी झाली. लेखी ताकीद मिळाली आणि काही आठवडे तिला मार्गावरून काढून धुलाईच्या आवारात टाकलं. चिखलाने माखलेल्या बसगाड्या ब्रशखाली घालायच्या, पलीकडे काढायच्या, ओळीत लावायच्या. जहाजाचा कप्तान बंदरातला हमाल झाला, अशी चेष्टा झाली. ती म्हणाली, बंदर स्वच्छ आहे माझं, तुम्ही तुमची गाडी बघा, मागचा दिवा फुटलाय.

व्हिडिओ काढणारा तिला सापडला तो तिथेच. म्हणजे तो आपणहून आला. तिच्याच मार्गावर रोज कानात हेडफोन घालून मागच्या दाराशी उभा राहणारा, कुठल्याशा कंपनीत हिशेब लिहिणारा माणूस. तिला मार्गावरून काढल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. फाटकाशी उभा राहून तो म्हणाला, की त्याने वाईट हेतूने काही केलं नाही. उलट तिला पाहून त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. मावशी त्याचीही लाडकी होती.

"मग तुमच्याच डोळ्यांचा व्हिडिओ का नाही काढलात?" कप्तान म्हणाली. "तुमचाच फोन, तुमचेच डोळे. विचारायला कुणाकडे जायला नको होतं."

त्याने खिशातून फोन काढला, तिच्यासमोर व्हिडिओ पुसून टाकला आणि तिला दाखवला. ती समजून चुकली होती, की आता त्याचा काही उपयोग नाही. एव्हाना त्याची पिल्लं शंभर ठिकाणी फिरत होती. तरी तिने तो पुसू दिला. माफ केलं असं मात्र ती म्हणाली नाही. तोही थांबला नाही, मान खाली घालून निघून गेला. ब्रशखाली घालायची पुढची गाडी आली होती, कप्तान तिच्यात जाऊन बसली.

ती मार्गावर परतली तेव्हा ऊन कडक झालं होतं. नेहमीच्या लोकांनी माना डोलावल्या, एका बाईने 'आलात का ताई' म्हटलं, बस्स. पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला एक जोडपं चढलं. त्यातल्या तरुणाने तिला ओळखलं, बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दाराच्या खांबाला टेकून फोन तिच्यावर रोखला. मागून नाही, थेट तोंडावर.

गाडी थांब्यावरच होती. कप्तानने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि बसल्या जागी वळून पाहिलं. "फोन खाली घ्या. मग गाडी निघेल."

तो हसला. म्हणाला, सार्वजनिक जागा आहे, हक्क आहे माझा. ती पुढे पाहत, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पंखेही बंद पडले होते, आत उकडायला लागलं. मागून एक गृहस्थ म्हणाले, आम्हाला उशीर होतोय. ती म्हणाली, मलाही होतोय. गृहस्थांनी मग तोंड तिच्याकडून फिरवून त्या तरुणाकडे केलं. 'आलात का' म्हणणारी बाई उठली आणि मेथीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी तिने त्या फोनसमोर धरली. हात दुखेपर्यंत धरीन म्हणाली, मला घाई नाही. दुसऱ्या कुणीतरी तरुणाच्या बायकोला विचारलं, की तुमचे मिस्टर घरीही असेच करतात का. बायकोचे कान लाल झाले. तिनेच नवऱ्याचा हात धरून खाली केला.

कप्तानने इंजिन चालू केलं. थंड वारा सुटला, कुणीतरी सुस्कारा टाकला. पुढच्या थांब्यावर ते जोडपं उतरलं. गाडी उशिरा पोचली, पुन्हा तक्रार गेली, पुन्हा खुलासा मागवला. तिने उत्तर दिलं, 'होय, थांबवली. वेळ आली तर पुन्हा थांबवीन.' या खेपेला मात्र तिच्यामागून डेपोतले आणखी काही ड्रायव्हर डेपोच्या साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले. जे तिला हमाल म्हणाले होते, तेही त्यात होते. त्यांच्याही जांभया, भांडणं, डुलक्या लोकांच्या फोनमध्ये साठल्या होत्या. साहेबांनी फाईल बाजूला ठेवली. नियम काही निघाला नाही, पाटी लागली नाही. पण 'फोन खाली, मग गाडी' हे दुसऱ्या मार्गांवरही ऐकू यायला लागलं.

तो व्हिडिओ मात्र अजून आहे. मावशीची आठवण निघाली की कुणीतरी तो परत वर काढतं. त्याला इलाज नाही, हे कप्तानला ठाऊक आहे. परवाच ती मुलीबरोबर बुटांच्या दुकानात गेली होती. पायात बूट चढवून माप बघणारी पोरगी तिच्याकडे बघतच राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "तुम्ही त्याच ना, बसमध्ये रडणाऱ्या?"

मुलीने चटकन आईकडे पाहिलं. पण कप्तानचा चेहरा होता तसाच.

"हो, मीच," ती म्हणाली. "पाय दिवसभर क्लचवर असतो माझा. हा चवड्याला आवळतोय. एक नंबर मोठा दाखवा."