आज पेटी रिकामी

मी एक बर्फाची पेटी बोलतेय. अंगाने नारिंगी, झाकण पांढरं. म्हणजे एके काळी पांढरं होतं, आता त्याचा रंग कोणता म्हणायचा ते बघणाऱ्याने ठरवावं.

माझा जन्म साच्यातला. डोळे उघडले तेव्हा माझ्यासारख्याच बहिणी एकीवर एक रचलेल्या होत्या आणि ट्रक ताइपिंग शहराच्या दिशेने निघाला होता. तिथल्या गळाच्या दुकानात इद्रुस मला बघायला आला. बघायला म्हणजे काय, सरळ माझ्यावर बसला. दोनदा उसळून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, की यात केवढा मासा मावेल. दुकानदार म्हणाला, तुम्ही धराल तेवढा. या उत्तराने इद्रुस इतका खूश झाला की धाकट्या बहिणींकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. दुकानातली सर्वांत मोठी पेटी मी. मोठ्या पेटीची अडचण अशी असते, की ती रिकामी असली तर फारच रिकामी दिसते.

आमचं गाव कुआला बातांग, नदी समुद्राला मिळते तिथलं. इद्रुस आठवडाभर तेलताडाच्या फळांचा ट्रक चालवायचा आणि रविवारी बून सेंगच्या नावेतून गळ टाकायला जायचा. सोबत मुनियांडी, रेल्वेतून निवृत्त झालेला, शांत स्वभावाचा माणूस. धक्क्यावरच्या हौशी गळवाल्यांचा फोनवर एक गट होता. फेरीहून परत आलं की आपल्या आवाजात खबर द्यायची: कुठे गेलो, पाणी कसं होतं, काय लागलं. रिकाम्या हाताने परत येण्याला आमच्याकडे कुंपाऊ म्हणतात. गंमत अशी, की तो शब्द सगळ्यांना ठाऊक होता, पण त्या गटात कोणी कधी कुंपाऊ झालाच नव्हता.

इद्रुसच्या खबरी तर ऐकण्यासारख्या. त्याचा जिताडा नेहमी नावेच्या कडेशी येऊन गळाची दोरी, म्हणजे तंगूस, तोडायचा. एक तर नावेला ओढत दीपगृहापर्यंत घेऊन गेला होता म्हणे. मी त्याच नावेत होते. नाव त्या दिवशी चिखलात रुतली होती, आणि ओढलं ते दुसऱ्या नावेने. रमजानच्या महिन्यात खोटं बोलायचं नाही म्हणून इद्रुस तोच मासा जरा आखूड करून सांगायचा.

धक्क्यावर उतरताना तो मला एकटा उचलायचा नाही. मुनियांडीला हाक मारायचा, आणि दोघं कण्हत मला वर न्यायचे. माझ्या पोटात काय, तर वितळलेलं बर्फ आणि उरलेली कोळंबी. त्याच्या बदल्यात मुनियांडीच्या गोष्टीला इद्रुस मान डोलवायचा. मुनियांडीचे मासे घरी पोचायच्या आधीच दान झालेले असायचे. कधी देवळाच्या स्वयंपाक्याला, कधी वाटेत भेटलेल्या दमलेल्या पोस्टमनला. त्याची बायको शेजारणींना अभिमानाने सांगायची, आमच्या ह्यांचा हात फार सढळ.

मग एके दिवशी ट्रकमधून उतरताना इद्रुसच्या पाठीत सणक भरली. डॉक्टरांनी मणक्याचं काहीतरी सांगितलं आणि त्याला उताणा झोपवून ठेवलं. पहिला रविवार त्याने छताकडे बघत काढला. दुसऱ्या रविवारी तो बायकोला, सलबियाला म्हणाला, "सल, तू जाऊन ये. नुसती बघून ये आणि मला सांग."

सलबिया शाळेच्या उपाहारगृहात स्वयंपाक करायची. आमटी संपली की "आमटी संपली" असं सांगण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. कल्पनाशक्ती नावाची वस्तू तिला कधी लागलीच नव्हती. तिने माझ्यात एका बाजूला आमिषाची कोळंबी ठेवली, दुसऱ्या बाजूला केळीच्या पानात बांधलेला नारळाच्या दुधातला भात, म्हणजे नासी लमाक, आणि निघाली.

परतताना नावेतच तिने फोन तोंडाशी धरला. खबर फक्त नवऱ्यासाठी, तिच्या अबांगसाठी होती, पण बोट चुकलं आणि ती गेली गटात. मला ती अजून पाठ आहे. "अबांग, मी बोलतेय. पाणी चहासारखं गढूळ आहे. बून सेंगने तीन जागा बदलल्या, तिन्ही ठिकाणचे मासे आमच्या आधी निघून गेले होते. मुनियांडींचा गळ माझ्या टोपीत अडकला. ती टोपीच आजची सर्वांत मोठी शिकार. बाकी कुंपाऊ. तुमची पेटी रिकामी आहे. औषध घेतलंत का?"

गटातल्या मोठमोठ्या जिताड्यांच्या त्या गर्दीत ही रिकामी पेटी कुठे ठेवावी ते कोणाला कळेना. संध्याकाळी एकाच माणसाचं उत्तर आलं, जमरीचं. तो पोस्टातला कारकून. पूर्वी नेमाने यायचा, मग यायचा बंद झाला होता. त्याने तिला काक, म्हणजे ताई, म्हणत लिहिलं होतं, "काक, मला वाटायचं रिकाम्या हाताने फक्त मीच येतो. म्हणून मी गळाची काठी माळ्यावर टाकली होती. आज खाली काढली."

सलबियाने ते दोनदा वाचलं. मग पुढच्या रविवारी तिने खबर गटातच दिली, आणि या वेळी बोट चुकलेलं नव्हतं.

एका रविवारी तांबोशी लागली, तर तिने सांगितलं, लागली, पण आमच्या ताटाएवढीसुद्धा नाही. एकदा बून सेंगला उलटी झाली, तेही सांगितलं, आणि त्याने दोष समुद्राला दिला तरी खरा दोष आदल्या रात्रीच्या शिंपल्यांचा होता, हेही. मुनियांडीच्या बायकोनेही एक खबर ऐकली आणि नवऱ्याला विचारलं, की पेटी रिकामी होती तर पोस्टमनला काय दिलंत? मुनियांडीने उत्तर शोधण्यात दुपार घालवली.

बून सेंगचं पोट त्या नावेवर. इपोह शहरातून येणारी गिऱ्हाइकं गटातल्या खबरी ऐकूनच नाव ठरवायची. तो धक्क्यावर सलबियाच्या शेजारी येऊन बसला. "काक, तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही," तो अगदी नम्रपणे म्हणाला, "पण जरा कमी बोलाल का?"

पुढच्या रविवारची खबर अशी होती: "बून सेंग म्हणाला कमी बोला. तर, काही नाही."

घरी वेगळंच चाललं होतं. इद्रुस अंथरुणावरून सूचना करायचा. आपल्या गळाला लागलेल्या माशाला कमी लेखू नकोस, "निसटला" असं म्हण, "नव्हता" म्हणू नकोस. सलबिया विचारायची, जो नव्हता तो निसटेल कसा? शेवटी एकदा त्याचा पारा चढला. त्याची काठी, त्याची पेटी, आणि त्याच्याच घरातून कुंपाऊची दवंडी. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव ती धुळीला मिळवतेय, असं तो म्हणाला. "तुला जमत नसेल तर जाऊ नकोस."

"बरं," सलबिया म्हणाली, आणि गेली नाही.

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट दिवस. मला स्वयंपाकघरात ओट्याखाली ढकललं आणि माझ्यात कांदे भरले. मासे नसले तरी समुद्र तरी दिसायचा. आता कांद्यांना कोंब फुटताना बघत बसायचं. नवरा-बायकोत बोलणं होतं, पण जेवण वाढलंय, पंखा लावू का, एवढंच.

गटात मात्र पुन्हा सुगीचे दिवस आले. मासे परत नावा ओढायला लागले, दान सुरू झालं. इद्रुस उताणा पडून ते सगळं ऐकायचा. आणि काय झालं सांगू, त्याला कंटाळा आला. स्वतः त्या धंद्यातला मुरलेला माणूस. दुसऱ्याचा मासा कुठल्या वाक्याला वाढणार आणि तंगूस कुठल्या वाक्याला तुटणार, हे त्याला आधीच कळायचं. पाणी कसं होतं ते कोणी सांगत नव्हतं. वारा होता की नव्हता, नावेत कोण कोणावर रुसलं, कोणी काय खाल्लं, काही नाही. नुसते मासे, आणि तेही सगळे एकाच मापाचे.

एका संध्याकाळी सलबिया भात घेऊन आली तेव्हा तो छताकडेच बघत म्हणाला, "सल, नदीच्या मुखाजवळच्या त्या मोडक्या खांबावर गरुड बसायचा. आहे का गं अजून?"

"आहे. जोडीदार आणलाय."

"हे तू सांगितलं नाहीस."

"पुढच्या खबरीत सांगणार होते, पण त्यानंतर मी गेलेच नाही."

इद्रुस म्हणाला, "तुझ्या खबरीत मला समुद्र दिसायचा. बाकीच्यांच्या खबरीत नुसते तेच दिसतात. जा तू. कुंपाऊ तर कुंपाऊ."

सलबियाने माझ्यातले कांदे बाहेर काढले आणि मला लिंबू लावून घासायला बसली. तेवढं मला पुरेसं होतं.

ती परत गेली आणि तिच्या खबरी पहिल्यापेक्षा लांबल्या. मग उलटच झालं. बून सेंगची गिऱ्हाइकं वाढली. इपोहचा एक दाताचा डॉक्टर तर केवळ सलबियाच्या खबरीत आपलं नाव यावं म्हणून यायला लागला. आलं. तो बसल्या बसल्या झोपला, त्याची काठी पाण्यात गेली आणि जाग आल्यावर त्याने चोराची चौकशी केली, असं ते आलं. त्याने ती खबर आपल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवली. आणि सलबिया जेव्हा म्हणायची, की आज दक्षिणेकडच्या खडकांजवळ खरंच मासे लागताहेत, तेव्हा लोक पायात चपला घालायला थांबायचे नाहीत.

यथावकाश इद्रुसची पाठ सुधारली. कमरेला पट्टा बांधून तो पहिल्यांदा नावेत चढला तेव्हा बून सेंगने त्याला हात दिला. सलबियाने त्या दिवशी मुद्दाम घरी राहायचं ठरवलं. नावेत बून सेंग, मुनियांडी, इद्रुस आणि मी. इद्रुसने आपली जुनी लाडकी जागा निवडली, नदीच्या मुखाबाहेरचा बुडालेल्या पडावाचा सांगाडा. दुपारपर्यंत बसला. एकदा काठी वाकली, पण गळाला लागलं होतं ते जुनं जाळं.

धक्क्यावर त्याने मला एकट्याने उचलायचा प्रयत्न केला. पाठीने नकार दिला, म्हणून मुनियांडी धावला. दोघांनी मला वर ठेवलं, पण या वेळी कोणी कण्हलं नाही. इद्रुसने फोन काढला. अंगठा दाबून तो नुसताच श्वास घेत राहिला, अंगठा सोडला, पुन्हा दाबला. इतक्या वर्षांची सवय आडवी येत होती, ते मला दिसत होतं. शेवटी म्हणाला, "इद्रुस बोलतोय. बुडालेल्या पडावापाशी गेलो होतो. काही लागलं नाही. एकही नाही. कुंपाऊ." आणि फोन खिशात घालून, खूप मोठं ओझं खाली ठेवल्यासारखा घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का रिकामा. एकूण एक नाव बुडालेल्या पडावाकडे गेलेली. आयुष्यभर मासे फुगवून सांगणारा इद्रुस जर म्हणतो की तिथे काहीच नाही, तर तिथे केवढं काय असेल, असा सरळ हिशेब गटाने केला होता. त्या नावेत बून सेंग आणि मुनियांडीही होते, पण जोडीदारांची साक्ष कोण मानतो; उलट गिऱ्हाइकांनी बून सेंगलाच पुन्हा तिकडे न्यायला लावलं. जमरी पोस्टात आजारपणाची रजा टाकून गेला. दाताच्या डॉक्टरने दवाखाना बंद ठेवला.

दुपारी सगळ्या नावा परतल्या. लोक उन्हाने लाल, पेट्या रिकाम्या, आणि सगळ्यांची तोंडं इद्रुसच्या घराच्या दिशेने. त्याला धक्क्यावर बोलावून आणलं, आणि पुरावा म्हणून मलाही. खाली बसता येत नव्हतं म्हणून तो माझ्यावर बसला. पहिल्यांदाच खरं बोलल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला होता.

"मी सांगितलं होतं की तिथे काही नाही," तो कळवळून म्हणाला. "माझ्या तोंडून दुसरं काही ऐकलंत का?"

"तेच तर," बून सेंग म्हणाला. "आधी तसं सांगायचंस ना, की या वेळी खरं सांगतोय म्हणून."

इद्रुसचा चेहरा पडला. थट्टा होती, पण त्याला ती लागली. खरं बोलायला एवढी ताकद लावली, आणि त्याच्या शब्दाला किंमत काय, तर उलटी. तेवढ्यात मागून सलबिया आली. तिने कोणाला समजावलं नाही. फोन काढला आणि सगळ्यांसमोर गटात बोलली, "मी सलबिया. काल ह्यांची पेटी मी स्वतः धुतली. माशाचा वाससुद्धा नव्हता. माझा नवरा खरं बोलला."

धक्क्यावरच्या प्रत्येक खिशात तो आवाज वाजला. इद्रुसने मान वर करून बायकोकडे पाहिलं. मग मुनियांडीने घसा खाकरला, आपला फोन तोंडाशी धरला आणि म्हणाला, "मुनियांडी. कुंपाऊ. दानही नाही." त्याच्यामागून जमरी, मग डॉक्टर, शेवटी बून सेंगसुद्धा. त्या गटात इतके कुंपाऊ एका दमात कधी पडले नव्हते. हसता हसता इद्रुस माझ्यावर इतका हलला की माझं झाकण मधोमध तडकलं.

तर अशी मी निवृत्त झाले. आता चाकांची निळी पेटी आलीय, आकाराने लहान. इद्रुसनेच लहान घ्यायची म्हटलं. मला सलबियाने मागच्या दारी ठेवून माती भरली आणि गवती चहा लावला. समुद्र इथून दिसत नाही, पण माझी तक्रार नाही. रविवारी फेरीहून दोघं परतली की ती विळा घेऊन इथे येते, पात्या कापते आणि नवऱ्याशी बोलत असते, त्यामुळे मला सगळं कळतं. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असली तर तिच्यावर एक उपकार करा: रिकामी असली तर रिकामीच उचला. कण्हू नका. आम्हाला त्याची लाज नाही वाटत, तुम्हालाच वाटते.

आता पुरे. ती येतेय. टोपी वाकडी, नाक उन्हाने सोललेलं, आणि मागून इद्रुस आत्तापासूनच हसतोय. चेहऱ्यांवरून तरी आज काही मिळालेलं दिसत नाही. जरा गप्प बसा, मला ऐकू द्या.