काडी उघडेल ते पान

आमच्या घरात एक भारी खोड आहे. कोणी कितीही मोठी परीक्षा पास होवो, शलाका झाल्याशिवाय पेढा वाटायचा नाही. शलाका म्हणजे साधी काडी. डोळे मिटून ती पुस्तकात घालायची आणि जे पान उघडेल ते विद्यार्थ्याने समजावून सांगायचं. आमचे हे रामघाटावरच्या पाठशाळेत शास्त्र शिकवतात, त्यामुळे ही काडी घरात देवासारखी. मागच्या महिन्यात शलाकेत प्रसन्न एका ओळीच्या अर्थावर अडला, तर इतक्या गुणी शिष्याला यांनी ग्रंथ पहिल्यापासून करायला बसवलं.

आमची लेक इरावती वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.त विद्यापीठात पहिली आली. येत्या सोमवारपासून कॉलेजात शिकवायला जाणार. शेजारपाजारचे, यांचे शिष्य, सगळे ओसरीवर जमले होते. मी म्हटलं, "अहो, आज तरी ती काडी राहू द्या." पण इरावतीच हसत पुस्तक घेऊन आली.

झाडात पाणी वर कसं चढतं, ते पान निघालं. पोरीने इंग्रजीतून व्याख्या धडाधड म्हटली.

"छान," हे म्हणाले. "आता मला कळेल असं सांग. विहिरीतलं पाणी ओढायला माणूस लागतो. झाडात कोण ओढतं?"

इरावती अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, ये इम्पॉर्टंट नहीं था. दहा वर्षांत एकदाच आलंय पेपरात. मी सोडलं होतं."

यांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग लेकीकडे. पुस्तक मिटलं.

"उत्तीर्ण," म्हणाले. "वाटा पेढे."

माझा जीव भांड्यात पडला. लगबगीने डबा उघडून पहिला पेढा जवळच बसलेल्या प्रसन्नला दिला. त्याने तो घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून खाली बघत बसला.

इरावतीने ते पाहिलं आणि माझ्या हातातला डबा काढून घेतला. "बाबा, मग प्रसन्नला का बसवलंत?"

यांनी मांडीवरचं पुस्तक उगाच सारखं केलं.

"सोमवारी एखाद्या मुलीने मला हेच विचारलं तर? तिलाही सांगू, इम्पॉर्टंट नहीं है?"

चार माणसांत बापाचं नाक कापलं कार्टीने! अशी चीड आली की तिच्या कानाखाली वाजवावी. पण तिचे ओठ थरथरत होते, आणि यांनी मान खाली घातली होती. त्या काडीपुढे हे पहिल्यांदाच खोटं बोलले होते, आणि ते मला हवं होतं म्हणून. मला रडूच आलं.

मग यांनी काडी त्या पानात ठेवली आणि पुस्तक इरावतीला दिलं.

"बस पुन्हा."

प्रसन्नलाही हेच म्हणाले होते. फक्त तेव्हा यांचा आवाज कापला नव्हता.

इरावती जाऊन प्रसन्नच्या शेजारी चटईवर बसली. मी डबा झाकून देवापुढे ठेवला.