माझा फक्त चेहरा वाचला

मित्रांनो, मी एक जुनी रांग आहे, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांची. इंग्लंडच्या उत्तरेला, कापडगिरण्यांच्या एका गावात, चढाच्या रस्त्यावर मला बांधलं. रस्ता चढतो तशी माझी छपरंही पायरीपायरीने वर जातात. दोन घरांत भिंत एकच, धुराडंही एकच. बांधणाऱ्याच्या विटा वाचल्या, पण राहणाऱ्यांना शेजारच्या विस्तवाची ऊब मिळाली.

त्या मधल्या भिंतींचा मला फार अभिमान होता. एडिथ क्लफचा नवरा शेकोटीसमोर कोसळला, तेव्हा तिने निखारे सारायची सळई घेऊन भिंतीवर ठोकलं. पलीकडून आर्थर आणि पिठाने भरलेल्या हातांनिशी त्याची बायको, दोघं तशीच धावत आली.

पुढे गिरण्या बंद पडल्या. मला ओल धरली. नगरपालिकेने मला पाडायचं ठरवलं, तेव्हा मला वाचवायला एडिथच दारोदार फिरली. तिच्या मदतीला ग्रॅहम आला. माझ्याच वरच्या टोकाच्या घरात जन्मलेला, आता नावाजलेला वास्तुविशारद.

एडिथकडे चहा पीत तो म्हणाला, "मावशी, रांगेला धक्का लागू देणार नाही. दुरुस्तीपुरते बाहेर राहा, मग आपापल्या घरी या."

"लिहून देतोस?" आर्थरने विचारलं.

"आपल्या मागच्या बोळात खेळून मोठा झालाय तो," एडिथ म्हणाली. "त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं?"

तिच्या शब्दावर सगळे बाहेर पडले. मीही निर्धास्त होते.

यंत्रं माझ्या पाठीमागून आली. धुराडी गेली, जिने गेले, मधल्या भिंती एकामागून एक कोसळल्या. समोरची भिंत तेवढी लोखंडी टेकूंवर उभी ठेवली आणि तिच्यामागे एक सलग, महागडी इमारत चढवली, माझ्या जुन्या माणसांना न परवडणारी.

काम संपल्यावर एडिथ आली. तिने आपलं दार ढकललं. मग पुन्हा ढकललं.

"हे उघडत नाही रे."

"ते नुसतं दिसायला आहे, मावशी. आत जायचं मागून. पण समोरून बघ ना, सगळं होतं तसंच आहे."

"मी काय इथे समोरून बघायला राहत होते?"

ग्रॅहम खाली बघत म्हणाला, "नाहीतर सगळंच पाडलं असतं त्यांनी."

"पाडलं असतं. पण परक्यांनी पाडलं असतं."

ती उतारावरून निघून गेली. आर्थर तिच्याशी पुन्हा कधी बोलला नाही. मला वाईट वाटलं ते याचंच. ग्रॅहमने शब्द मोडला आणि दोष तिच्या पदरी पडला.

आता लोक माझे फोटो काढतात, किती छान जपलंय म्हणतात. मित्रांनो, जुन्या वास्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होते. पण आता एवढंच सांगते: कुणी जपतो म्हणाला, तर त्याला आधी विचारा, नक्की काय जपणार आहेस?